‘फीनिक्स लाइव्हव्ह्यू’ : एका नव्या चौकटीचे मूल्यमापन

जुलै २०१८ मध्ये नालासोपारा येथे रुळांवर पाणी साचून वसई रोड आणि विरार यांच्यामधील उपनगरी वाहतूक बंद पडली. अशा दिवशी चर्चगेटहून निघालेल्या प्रवाशास एकच गोष्ट जाणून घ्यावयाची असते : गाडी कोठवर जाईल? या प्रश्नाचे उत्तर घटकेघटकेला बदलते. असा बदल, वाचकाने पुन्हा मागणी न करताही, त्याच्या पडद्यावर आणून पोहोचविणे हे ‘तात्काळ’ वेब-उपयोजनांचे कार्य होय. त्यांच्या उभारणीसाठी निघालेल्या मुक्तस्रोत चौकटींत ‘फीनिक्स लाइव्हव्ह्यू’ ही तुलनेने नवी, तिची १.० ही आवृत्ती डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची स्तुती बहुधा वेगाच्या आणि संख्येच्या भाषेत होते. तथापि वसई-विरारच्या प्रवाशाच्या दृष्टीने खरी कसोटी निराळी आहे : जोडणी तुटली असता ही चौकट काय करते?

या चौकटीचे कुळ पाहिले म्हणजे तिचे सामर्थ्य ध्यानी येते. एरिक्सन कंपनीत १९८० नंतरच्या दशकात दूरध्वनी-केंद्रांसाठी ‘अर्लांग’ ही भाषा निर्माण झाली व १९९८ मध्ये ती मुक्त करण्यात आली. तिच्याच यंत्रणेवर झोझे वालिम यांनी ‘एलिक्सिर’ ही भाषा उभारली आणि ख्रिस मॅकॉर्ड यांची ‘फीनिक्स’ ही चौकट त्या भाषेत आहे. येथे प्रत्येक जोडणीस एक स्वतंत्र, हलकी प्रक्रिया लाभते. एक कोसळली तरी शेजारची चालू राहते. २०१५ मधील एका प्रयोगात ४० गाभ्यांच्या एकाच यंत्राने वीस लाख जोडण्या सांभाळल्या. ही संख्या थोर खरीच. परंतु प्रयोगशाळेतील जोडण्या भाईंदर-नायगावमधील खाडीपूल ओलांडीत नाहीत.

लाइव्हव्ह्यूची मूळ कल्पना सरळ आहे. पान प्रथम साध्या स्वरूपात येते, म्हणून ते लवकर दिसते. मग वेबसॉकेटची जोडणी होते, पानाची सारी स्थिती सर्व्हरवर राहते आणि पुढे केवळ बदललेला भाग ब्राउझरकडे धाडला जातो. परिणामी ब्राउझरसाठी वेगळी भाषा आणि वेगळा कार्यक्रम लिहिण्याचे श्रम पुष्कळ अंशी वाचतात. लहान मनुष्यबळाच्या संस्थेस हा लाभ क्षुल्लक नव्हे.

परंतु याच गुणाच्या पोटी दोष आहे. स्थिती सर्व्हरवर असल्यामुळे प्रत्येक कळ दाबताच निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यावा लागतो. जोडणी तुटली की संबंधित प्रक्रिया संपते. पुन्हा जुळताच नवी जन्मते. पत्त्यात किंवा विदागारात नोंदलेले तेवढे परत मिळते, अर्जात भरलेला मजकूरही ब्राउझर पुन्हा धाडतो, बाकीचे लोपते. शिवाय फीनिक्सच्या वाहिन्या निरोप फार तर एकदाच पोहोचवितात. मध्यंतरी सुटलेल्या निरोपांची भरपाई कशी करावयाची, हे उपयोजन लिहिणाऱ्यावरच सोपविलेले आहे.

तुलनेसाठी २०१२ मध्ये पुढे आलेली ‘मीटिअर’ ही चौकट घेता येईल. तिने विदेचा एक अंश ब्राउझरमध्येच ठेवला; त्यामुळे संपर्क खंडित झाला तरी हाती आलेली माहिती चाळता येते. तिचा मोबदला मात्र सर्व्हरला द्यावा लागला. मोंगोडीबीतील बदलांची नोंदवही प्रत्येक सर्व्हरने वाचावयाची, या रीतीमुळे लेखन वाढताच भार वाढे. एकीने स्थिती वाचकाजवळ ठेवली, दुसरीने आपल्याजवळ. संपर्क तुटल्याचा भुर्दंड कोणी सोसावयाचा, एवढाच दोहोंतील खरा भेद.

यावरून निर्णय दुहेरी द्यावा लागतो. महानगरपालिकेच्या आपत्ती-कक्षासारख्या, जोडणी स्थिर असलेल्या ठिकाणी लाइव्हव्ह्यू निःसंशय योग्य ठरेल. प्रवाशाच्या हातातील पानासाठी मात्र तिचा स्वीकार अटींसह करावा. प्रत्येक सूचनेवर ती निघाल्याची वेळ असावी. सूचना विदागारात अनुक्रमाने नोंदलेल्या असाव्यात व पुनर्जोडणी होताच सुटलेल्या दाखविल्या जाव्यात. निवडलेले स्थानक पत्त्यात राहावे. संपर्काविना पान उघडावे अशी अपेक्षा असेल, तर ब्राउझरमधील साठवणीची तरतूद जावास्क्रिप्टमध्ये स्वतंत्रपणे करावी लागेल आणि तेथे या चौकटीच्या साधेपणाची सीमा येते.

जोडणी तुटल्याची सूचना लाइव्हव्ह्यूच्या नव्या प्रकल्पात आयतीच मिळते, हे तिच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानावयास हरकत नाही. परंतु पडद्यावर उरलेली ओळ दोन मिनिटांपूर्वीची की वीस, हे त्या सूचनेवरून कळत नाही. अडकलेल्या प्रवाशास जुनी माहिती ताजी भासणे हे माहिती न मिळण्याहून घातक होय. कारण तिच्या भरवशावर तो बोरिवलीस उतरण्याऐवजी पुढे निघतो. म्हणून अशा चौकटींचा अभ्यास करताना किती जोडण्या टिकल्या यापेक्षा तुटलेल्या जोडणीनंतर वाचकापाशी काय उरले, याचे मोजमाप आधी व्हावयास हवे.