‘मंक’ मालिकेचा चाहता : संबोधन, सूत्रवाक्य आणि हास्य

लोकप्रिय कलाकृतीच्या चाहत्याविषयी बोलावयाची वेळ आली म्हणजे आपल्याकडील समीक्षा सहसा एकदोन विशेषणांवर थांबते. तो भाबडा आहे, त्याचा उत्साह अविवेकी आहे, एवढे म्हटले की विषय संपला असे मानण्यात येते. या समजुतीची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी ‘मंक’ ही अमेरिकेतील विनोदी गुप्तहेरकथांची दूरचित्रवाणी-मालिका उदाहरण म्हणून घेतली आहे. या मालिकेने आपल्या चाहत्याला पडद्याबाहेर न ठेवता एक पात्र म्हणून कथेतच आणले, हे या निवडीचे कारण होय.

प्रथम मालिकेचा थोडक्यात परिचय करून देणे इष्ट होईल. अँडी ब्रेकमन यांनी निर्मिलेली ही मालिका यूएसए नेटवर्क या वाहिनीवर जुलै २००२ मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर २००९ मध्ये संपली. आठ पर्वांत तिचे १२५ भाग झाले. नायक एड्रियन मंक हा सॅन फ्रान्सिस्कोच्या पोलीसदलातील एके काळचा अधिकारी. मोटारीतील स्फोटात त्याची पत्नी ट्रूडी मारली गेली आणि तेव्हापासून मुळातच असलेला त्याचा मंत्रचळ बळावला. जंतू, उंची, दूध, गर्दी, वाकडी टांगलेली तसबीर यांपैकी काहीही त्याला अस्वस्थ करते. मात्र जी विषम गोष्ट इतरांना दिसत नाही ती त्यालाच दिसते आणि तिच्यातूनच गुन्ह्याचा उलगडा होतो. ही भूमिका करणारे टोनी शलूब यांना २००३, २००५ व २००६ या वर्षी एमी पारितोषिक मिळाले.

या मालिकेच्या बांधणीत रहस्याला वाटते तेवढे महत्त्व नाही, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावयास हवी. अनेक भागांत खुनी कोण हे प्रेक्षकाला आरंभीच कळते किंवा मंकला लवकर उमगते. ‘हाच तो माणूस’ असे तो म्हणतो. आपल्या भाषेत या वाक्यातील ‘च’ हे अव्यय जेवढे काम करते, तेवढे पुढचा सारा पुरावा करीत नाही. प्रश्न उरतो तो ‘कसे?’ हा. २००३ मधील एका भागात संशयित बेशुद्धावस्थेत रुग्णालयात पडून आहे. २००६ मधील एका भागात तो अंतराळवीर असून मृत्यूच्या वेळी पृथ्वीवरच नाही. अशक्य वाटणारी ही साक्ष मोडून झाली म्हणजे मंक ‘घडले ते असे’ या ठरावीक वाक्याने निवेदनाला आरंभ करतो आणि गुन्ह्याचा वृत्तान्त कृष्णधवल चित्रांतून पुन्हा उलगडतो. कीर्तनाच्या श्रोत्याला आख्यान ठाऊक असते. तरी तो उत्तररंगाची वाट पाहतो. चाहत्याची येथील प्रतीक्षा त्याच जातीची आहे. त्याला माहिती नको आहे. ठरलेल्या ठिकाणी ठरलेली गोष्ट नव्या सामग्रीनिशी पुन्हा घडलेली पाहावयाची आहे.

हीच नियमबद्धता शीर्षकांतही आढळते. मालिकेच्या प्रत्येक भागाच्या नावाचा आरंभ ‘मिस्टर मंक’ या शब्दांनी होतो: मिस्टर मंक आणि अमुक, मिस्टर मंक अमुक ठिकाणी जातात, मिस्टर मंक अमक्याला भेटतात. साचा एक आणि रिकामी जागा एक. ली गोल्डबर्ग यांनी २००६ पासून या पात्रावर लिहिलेल्या कादंबऱ्यांनीही हाच साचा पाळला. भाषा शिकणारे मूल ज्याप्रमाणे साच्यात नवा शब्द घालून नवे वाक्य करू लागते, त्याप्रमाणे चाहताही या साच्यात कोणताही शब्द घालून न झालेल्या भागाचे नाव बनवू शकतो. एवढेच नव्हे, तर त्या भागात काय घडेल आणि काय घडणे शक्य नाही, हेही तो सांगू शकतो. मंकने चिखलात हात घातला तर ते केव्हा क्षम्य आणि केव्हा चुकीचे, हे त्याला नियम न मांडता कळते. भाषकाला आपल्या भाषेचे व्याकरण असेच अवगत असते. वाक्य चुकले हे तो तत्काळ सांगतो, का चुकले हे सांगताना मात्र अडखळतो. तेव्हा चाहत्याचा उत्साह म्हणजे ज्ञानाचा अभाव नव्हे. ते अव्यक्त स्वरूपाचे ज्ञान आहे आणि समीक्षकाने त्याला हसण्यापूर्वी ते शिकून घेतले पाहिजे.

या ज्ञानाची खरी कसोटी संबोधनांच्या बाबतीत लागली. मंकच्या सोबतीला आरंभी शॅरोना ही परिचारिका होती. ती त्याला ‘एड्रियन’ म्हणते, त्याच्यावर खेकसते, त्याला ओढत दाराबाहेर काढते. तिसऱ्या पर्वाच्या मध्यात ही भूमिका करणाऱ्या बिटी श्रॅम मालिकेबाहेर पडल्या आणि जानेवारी २००५ पासून नॅटली ही नवी साहाय्यक आली. नॅटली त्याला अखेरपर्यंत ‘मिस्टर मंक’ असेच म्हणते. पोलीस कप्तान स्टॉटलमायर त्याला नुसते ‘मंक’ म्हणतो. आपल्या भाषेत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांच्या निवडीने जो संबंध क्षणात स्पष्ट होतो, तो सांगण्याची सोय आजच्या इंग्रजीतील मध्यमपुरुषी सर्वनामात नाही. त्यामुळे तेथे सारा भार नामावर, म्हणजे संबोधनावर पडतो. शॅरोनाचे ‘एड्रियन’ आपण ‘अरे एड्रियन’ असेच ऐकतो आणि नॅटलीचे ‘मिस्टर मंक’ हे ‘अहो मंकसाहेब’ असे ऐकू येते.

शॅरोना बरी की नॅटली बरी, याविषयी चाहत्यांत पुष्कळ वाद झाला. तो वाद वरवर पाहता दोन अभिनेत्रींविषयीचा आहे. वस्तुतः तो रोग्याशी कसे वागावे याविषयीचा आहे. शॅरोनाचा एकेरीपणा हा शुश्रूषेचा एकेरीपणा आहे: आजाऱ्याला आईच्या अधिकाराने रागावणारा, आणि म्हणूनच त्याला बरे होण्यास भाग पाडू पाहणारा. नॅटलीचा बहुमान त्याला आहे तसा स्वीकारतो, त्याची प्रतिष्ठा राखतो, पण त्याचबरोबर त्याच्या आजारालाही एक मानाचे आसन देतो. प्रत्येक भागाचे शीर्षक नॅटलीच्या पक्षाचे आहे, हे लक्षणीय होय. पण ते शीर्षक नॅटली येण्यापूर्वीच, पहिल्या भागापासून, तसे होते. म्हणजे मालिकेने पात्रांच्या तोंडी काही घातले तरी तिची स्वतःची भूमिका प्रथमपासून आदराची होती.

हा आदर येथे का महत्त्वाचा आहे, हे पाहण्यासाठी हास्याचा विचार करावा लागतो. मालिकेवर घेता येण्याजोगा सर्वांत गंभीर आक्षेप हाच की, ती एका दुःखद मानसिक व्याधीला हशाचे साधन बनविते. आपल्या भाषेतील ‘मंत्रचळ’ हा शब्दही नित्याच्या बोलण्यात काहीशा थट्टेनेच वापरला जातो; म्हणून हा आक्षेप आपणास परका नाही. भरताने हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन प्रकार मानले आहेत: स्वतः हसणे ते आत्मस्थ, दुसऱ्यास हसविणे ते परस्थ. मंकच्या ठायी आत्मस्थ हास्य जवळजवळ नाहीच. आपण ज्याला हसतो ते त्याच्या लेखी संकट असते. हस्तांदोलनानंतर हात पुसण्यासाठी तो साहाय्यकाकडे कागदी रुमाल मागतो, तेव्हा प्रेक्षक हसतो. पण मंकच्या चेहऱ्यावर जो क्षणिक सुटकेचा भाव येतो, तो शलूब यांनी कधीही विनोदासाठी वाढविलेला नाही. हास्याच्या तळाशी ट्रूडीच्या मृत्यूचा शोक सतत जागा ठेवल्यामुळे हे हास्य उपहासात उतरत नाही. सर्वच भागांत हा तोल सांभाळला गेला आहे असे मात्र म्हणवत नाही. उत्तरार्धातील काही भागांत भीतींची नुसती यादीच वाढत जाते आणि मंक हा माणूस न राहता सवयींची मोळी होतो. चाहता हे भागही आवडीने पाहतो आणि येथेच त्याच्या ज्ञानाची मर्यादा दिसू लागते.

ही मर्यादा मालिकाकारांनी स्वतःच ओळखली होती. पहिल्या पर्वाची शीर्षकधून जेफ बील यांची होती. दुसऱ्या पर्वापासून तिच्या जागी रँडी न्यूमन यांचे गीत आले. जुन्या धुनेच्या चाहत्यांना हा बदल रुचला नाही. मालिकेने या नाराजीला उत्तर दिले ते एका भागानेच. २००४ मधील त्या भागात मार्सी मेव्हन नावाची एका काल्पनिक गुप्तहेर-मालिकेची कट्टर चाहती येते. सेरा सिल्व्हरमन यांनी ती भूमिका केली आहे. आपल्या लाडक्या मालिकेची धून बदलल्याचे तिला अतोनात दुःख आहे. शेवटी तिची भक्ती मंककडे वळते आणि आपल्यावर कधी मालिका निघाली तर तिची धून बदलू देणार नाही, असे वचन ती त्याच्याकडून घेते. त्या भागाच्या अखेरीस बील यांची जुनी धून वाजते. २००७ मध्ये मार्सी पुन्हा आली, ती मंकची सर्वांत मोठी चाहती म्हणून. आणि या भक्तीने खुद्द मंक कासावीस झाला.

मार्सीचे चित्र ही निव्वळ थट्टा नाही. काहीही बदलू नये, सारे जागच्या जागी असावे, ही जी तिची मागणी तीच मंकची व्याधी आहे. दोघेही विषम गोष्ट चटकन हेरतात आणि दोघांनाही ती सहन होत नाही. भेद इतकाच की, मंकला आपल्या या वृत्तीचे दुःख होते आणि मार्सीला तिचा अभिमान वाटतो. भाषेच्या क्षेत्रात या वृत्तीचा परिचय आपणास आहे. भाषेचे नियम मनोमन जाणणारा मनुष्य जेव्हा कालचे रूप तेवढे शुद्ध आणि आजचे अशुद्ध असे ठरवू लागतो, तेव्हा त्याच्या ज्ञानाचे शासन झालेले असते. चाहत्याचेही तसेच होते: जाणकार असतो तो पहारेकरी बनतो.

यातून एक नैतिक अडचण उद्भवते. मंक बरा झाला तर मालिका संपेल. मालिका चालू राहावयाची तर त्याने आजारी राहिले पाहिजे. चाहत्याचे प्रेम आणि नायकाचे हित यांचा असा विरोध गुप्तहेरकथेच्या इतिहासात नवा नाही. १८९३ मध्ये कॉनन डॉयल यांनी शेरलॉक होम्सला मारले आणि वाचकांच्या आग्रहापुढे १९०३ मध्ये त्यांना तो परत आणावा लागला. परंतु होम्सला परत यावयास फक्त जिवंत व्हावे लागले. मंकला परत यावयाचे तर पुन्हा आजारी पडावे लागते. २००९ च्या अखेरच्या भागात ट्रूडीच्या खुनाचा उलगडा झाला, तिची मुलगी मॉली मंकला भेटली आणि त्याचे आयुष्य सैल होऊ लागले. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या ‘मिस्टर मंक्स लास्ट केस’ या चित्रपटात मात्र महासाथीनंतरचा मंक पूर्वीपेक्षाही खचलेला असून आत्महत्येचा विचार करताना दिसतो. चित्रपटाच्या अखेरीस तो जगण्याचा निर्णय घेतो हे खरे. पण चौदा वर्षांच्या अंतराने झालेल्या या भेटीची किंमत नायकाच्या आरोग्याने चुकती केली, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. चित्रपटाने ती लपविली नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा होय. त्यामुळे हसावयास आलेल्या चाहत्याला आपल्या हव्यासाचा विचार करणे भाग पडते.

आतापर्यंतच्या विवेचनावरून निघणारा निष्कर्ष असा: चाहत्याचा उत्साह हा समीक्षेचा शत्रू नसून तिची कच्ची सामग्री आहे. पुनरावृत्तीतील सूक्ष्म फरक, संबोधनातील अंतर, साच्यातील रिकामी जागा या गोष्टी तोच प्रथम टिपतो. परंतु अभिनवगुप्ताने ज्याला सहृदय म्हटले त्याच्या कोटीला पोहोचण्यासाठी आणखी एका गुणाची गरज असते. आपल्या आवडीचे पात्र आपल्या सवयीबाहेर गेले तरी त्याचे बरे व्हावे, अशी इच्छा त्याला करता आली पाहिजे. शॅरोनाचे ‘अरे’ ज्याला मनापासून आवडले होते आणि तरीही नॅटलीच्या ‘अहो’ने मंकच्या आयुष्यात काय भर घातली हे ज्याने मान्य केले, तो चाहता या अर्थाने सहृदय होय. अशा चाहत्याचे म्हणणे विद्यापीठीय समीक्षेने नोंदवून ठेवावे. कारण लोकप्रिय कलाकृतीचे व्याकरण पुढे केव्हा लिहावयाचे झाले, तर त्या भाषेचा जाणता भाषक तोच असणार आहे.