माळ ओसाड कुठे आहे?

तीन वर्षांपूर्वी वर्गात माझ्याच कादंबरीतला एक उतारा वाचून दाखविण्याचा मोह मला आवरला नाही. मास्तराने स्वतःचे लिखाण वर्गात वाचू नये, हे शहाणपण मला त्यानंतर सुचले. नायक कंधारहून मुखेडकडे पायी निघाला आहे आणि त्याच्यापुढे 'ओसाड माळ' पसरला आहे, एवढाच त्यातला मजकूर. मागच्या बाकावरचा धनगराचा पोरगा उठून म्हणाला, "गुर्जी, माळ वसाड कसा म्हणायलाव? माळावर तर लई हाय की."

वर्ग हसला. "काय आहे रे?" मी विचारले. तो बोटांवर मोजू लागला. पवन्या, मारवेल, शेडा, कुसळी ही गवते. मग तितर, लावे, चंडोल. मग ससा, घोरपड, खोकड. लांडग्याचे नाव घेताना त्याने आवाज खाली आणला. तास संपल्याची घंटा झाली, तरी त्याची यादी संपली नव्हती.

घरी येऊन मी कादंबरी पुन्हा चाळली. 'ओसाड' हा शब्द मी सतरा ठिकाणी वापरला होता. हा शब्द मी माळावरून आणलेला नव्हता, कारण माझे बालपण माळाच्या कडेलाच गेले आणि आमच्या घरी त्याला कोणी ओसाड म्हणत नसे. नुसते 'माळ' म्हणत. शब्द मी पुस्तकांतून उचलला होता. कोणत्या पुस्तकांतून, याचा शोध घेण्यासाठी पुढल्या दोन दिवाळीच्या सुट्ट्या मी अर्ध्या वाचण्यात आणि अर्ध्या पायी भटकण्यात घालविल्या. त्या वाचनाचा हा हिशेब आहे.

ज्यांनी आमचा मुलूख आगगाडीच्या खिडकीतूनच पाहिला असेल, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बालाघाटाची रांग अहिल्यानगरकडून निघून बीड, धाराशिव, लातूर असे जिल्हे ओलांडीत नांदेडपर्यंत उतरत येते. सह्याद्रीसारखे सुळके तिला नाहीत. वर चढून गेले की डोंगर संपतो आणि सपाटी लागते. काळ्या खडकावर वीतभर मुरूम, आणि त्यावर गवत. मधूनच एखादी टेकडी एकटी उभी असते, तिला आमच्याकडे 'बेट' म्हणतात. उदगीरजवळ देवर्जनचे हत्तीबेट, चाकूर तालुक्यात वडवळचे नागनाथ बेट, जिथे वैद्यमंडळी वनस्पतींसाठी येतात. समुद्र इथून शेकडो मैल दूर. तरीही ज्याने प्रथम त्या टेकडीला बेट म्हटले, त्याला भोवतालचे वाऱ्याने हलणारे गवत पाण्यासारखेच दिसले असले पाहिजे, असे मला हत्तीबेटावर उभे राहिल्यावर वाटले. व्युत्पत्ती सांगणारे पंडित काही वेगळे सांगतील. सांगोत.

असे पाहणारी दृष्टी मराठीत नव्हती असे नाही. तेराव्या शतकातले 'लीळाचरित्र' हा आपला आद्य गद्यग्रंथ, आणि तो बराचसा चालण्याचा ग्रंथ आहे. चक्रधरस्वामी गावोगाव हिंडतात. कुठे बसले, कोणत्या झाडाखाली थांबले, याची नोंद भक्तांनी जपून ठेवली. पुढे 'स्थानपोथी'त तर जागांचीच मोजदाद झाली. २०२५ साली आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील ह्या अभ्यासकांनी जुन्या मराठी वाङ्मयातले वनस्पतींचे आणि भूमीचे उल्लेख गोळा केले. त्यांवरून त्यांनी दाखविले की पश्चिम महाराष्ट्रातले विरळ झाडांचे गवताळ प्रदेश निदान साडेसातशे वर्षांचे जुने आहेत. म्हणजे माळ हे तुटलेल्या जंगलाचे उरलेले खोड आहे, ही आपली समजूत तिथे तरी टिकत नाही. त्यांचा अभ्यास आमच्या बालाघाटाचा नव्हे, हे खरे. परंतु आपल्या पोथ्यांतून गवताचे वय निघते, ही गोष्ट मराठीच्या मास्तराला सुखावणारी आहे.

आधुनिक साहित्यात माळाची गोष्ट काढली की पहिले नाव घ्यावे लागते ते 'बनगरवाडी'चे. १९५५ साली प्रसिद्ध झालेली व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी मी किती वेळा वाचली असेल, सांगता येत नाही. एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवरच्या शाळेत नेमणुकीवर जातो. कारभारी, आनंदा रामोशी, आयबू, शेकू ही माणसे त्याला भेटतात. तालीम उभी राहते, राजेसाहेब येऊन जातात, मग दुष्काळ पडतो आणि धनगर मेंढरे घेऊन निघून जातात. वाडी रिकामी होते. मास्तरही जातो. पुस्तक संपते.

ह्या कादंबरीत माळाचे पाल्हाळिक वर्णन जवळजवळ नाही. माडगूळकर थोडक्या शब्दांत लिहितात, आणि तरीही पानापानांतून वारा लागतो, मेंढरांचा वास येतो. माळ तिथे माणसांच्या बोलण्यात आहे. मराठीत याहून चांगले कोणी केलेले नाही. परंतु कितव्यांदा तरी वाचताना एक प्रश्न मनात आला: मेंढरे गेल्यावर त्या माळाचे काय झाले? पुढच्या आषाढात पाऊस पडला असेल, गवत उगवले असेल, चंडोल वर चढून गायला असेल. त्या पावसाची वाट पाहायला कादंबरी थांबत नाही. तिच्या दृष्टीने माणूस उठला की जागा उठली. हा दोष आहे असे मी म्हणत नाही. कादंबरीने काय पाहावे हे कादंबरीकार ठरवतो. मात्र एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. माडगूळकर जनावरांचे आणि पाखरांचे मोठे जाणकार होते. पुढे त्यांनी 'नागझिरा' लिहिले, वानरांच्या टोळीवर १९८२ साली 'सत्तांतर' लिहिले. पण त्या जाणकारीला पुरे पुस्तक मिळाले ते विदर्भाच्या आणि झाडीच्या मुलखात. आपल्या माणदेशाच्या माळाला त्यांनी माणसे दिली, मेंढरे दिली. तिथला लांडगा आणि तिथले पाखरू स्वतःच्या पुस्तकाचे नायक झाले नाहीत.

याच्या जोडीला इंग्रजीतले एक पुस्तक ठेवून पाहावे. टॉमस हार्डीची 'द रिटर्न ऑफ द नेटिव्ह' १८७८ सालची. तिच्या पहिल्या प्रकरणात एकही पात्र नाही. संध्याकाळच्या उजेडातला झुडपांचा विस्तीर्ण माळ, बस्स. माणूस दुसऱ्या प्रकरणात येतो. गंमत अशी की तिथल्या नायकालाही शाळाच काढायची असते! डोळे अधू होतात आणि तो माळावरची काटेरी झुडपे तोडण्याच्या मजुरीला लागतो, आणि त्यात रमतो. त्याच्या बायकोला तो माळ म्हणजे तुरुंग वाटतो. एकच माळ दोघांना दोन तऱ्हेचा दिसतो, आणि हार्डी दोघांपैकी कोणालाही खोटे ठरवीत नाही. 'बनगरवाडी' आणि हे पुस्तक पाठोपाठ वाचावे. आपल्या मास्तराचा पक्ष घेऊन मी वाचायला बसलो होतो. उठताना तितकी खात्री राहिली नव्हती.

वेल्स देशाच्या उघड्या डोंगरपठारांवरून १८५४ साली जॉर्ज बॉरो नावाचा इंग्रज गृहस्थ पायी हिंडला आणि १८६२ साली त्याने 'वाइल्ड वेल्स' हे प्रवासवर्णन प्रसिद्ध केले. गृहस्थ आढ्यतेखोर आहे, स्वतःवर फार खूष आहे, आणि पुस्तक निदान तिसऱ्या हिश्शाने कमी चालले असते. पण त्याने एक केले होते. निघण्यापूर्वी पुष्कळ वर्षे तो वेल्श भाषा शिकला होता. वाटेत भेटणाऱ्याला तो ओढ्याचे नाव, टेकडीचे नाव त्या माणसाच्याच भाषेत विचारतो. प्लिनलिमन डोंगरावर वाटाड्या घेऊन जातो आणि तिथून निघणाऱ्या तीन नद्यांचे उगम हुडकून तिन्हींचे पाणी पिऊन येतो. तो ओला, धुक्याचा, दलदलीचा मुलूख. आमच्या मुरमाशी त्याचे काही नाते नाही. पण रिकाम्या दिसणाऱ्या जागेत नावे भरलेली असतात, आणि ती विचारल्याशिवाय कळत नाहीत, एवढे त्याच्याकडून घेण्यासारखे आहे. मांजरेच्या उगमाचे पाणी मुद्दाम जाऊन पिऊन आलेला मराठी कादंबरीकार मला तरी भेटलेला नाही. मी स्वतःही गेलेलो नाही.

आता आमच्याकडचेच म्हणाल, तर ना. धों. महानोरांच्या 'रानातल्या कविता' १९६७ साली आल्या आणि मराठी कवितेला नवा वास आला. परंतु आमच्या बोलीत रान म्हणजे शेत. पेरलेले, उगवलेले, माणसाचा हात लागलेले. महानोरांचे रान तेच आहे, माळ त्याच्या बांधाबाहेर राहतो. लातूर जिल्ह्यात जन्मलेल्या रा. रं. बोराडे यांनी 'पाचोळा'त एका शिंप्याच्या बायकोच्या तोंडून आमची बोली अशी काही लिहिली की ती वाचल्यावर मी माझ्या दोन वह्या फाडल्या. पण ती गावाच्या आतली कथा आहे. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' मला प्राणप्रिय आहे, तिथे झाडाफुलांचे राज्य आहे. शिवाय दोष साहित्यिकांनाच कशाला द्यावा? वेळा अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवसेला, लातूर-नांदेडकडची सारी कुटुंबे भज्जी आणि आंबील घेऊन काळ्या रानात जेवायला जातात. माळावर कोणी नैवेद्य नेत नाही.

इथवर लिहून मी थांबलो होतो, कारण एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी मला गप्प केले. ते म्हणाले, "बाहत्तर साली आम्ही त्या माळावर खडी फोडली. तेव्हा तुमचा चंडोल गात असेलही. आमचं लक्ष नव्हतं." त्यांना उत्तर देणे मला जमले नाही, आजही जमत नाही. १९७२ च्या दुष्काळात उपाशी माणसे ज्या माळावर दगड फोडीत बसली, त्यांच्या मुलांनी पुढे लेखणी धरून त्याला ओसाड म्हटले, तर तो शब्द पुस्तकी नव्हे; कमावलेला आहे. त्यांचा 'ओसाड' आणि माझा 'ओसाड' एका छापाचा असला तरी एका मोलाचा नाही. माझा मी काढून टाकू शकतो. त्यांचा काढायला सांगणारा मी कोण?

पण तोच शब्द तिसऱ्याही ठिकाणी गेला आहे, आणि तिथे त्याला ना भूक माहीत आहे, ना चंडोल. केंद्र सरकारने २००० साली देशातल्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह प्रथम काढला, पुढे त्याच्या आवृत्त्या निघत गेल्या. त्यांत झुडपी आणि गवताळ जमिनी पडिकांच्या रकान्यांत बसल्या. जे पडीक, ते कशालाही द्यायला मोकळे. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. ८,४९६ चौरस किलोमीटरांचे ते क्षेत्र पुढे १,२२२ वर आणावे लागले, आणि माळढोक तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही दिसेनासे झाले. नकाशे करणारे कादंबऱ्या वाचून नकाशे करतात असे मी म्हणत नाही. परंतु जो माळ आपल्या गोष्टींतून, कवितांतून, पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या उजाडच वाचला गेला, त्याच्यावर तारेचे कुंपण पडले तर गावात कोणी विचारायलाही जात नाही.

प्रकाशकांनी माझ्या कादंबरीची दुसरी आवृत्ती काढायचे ठरविले आहे आणि दुरुस्त प्रत मागितली आहे. सतरांपैकी नऊ ठिकाणचा 'ओसाड' मी खोडला. तिथे काय लिहावे म्हणून त्या पोराला गाठले. तो आता दहावीत आहे. त्याने मला विचारले, नायक कोणत्या महिन्यात चालायलाय? मी ते कादंबरीत ठरविलेच नव्हते. आश्विनात असेल तर गवत तांबूस झालेले असते आणि तरवडाला पिवळी फुले असतात. कार्तिकात कुसळे धोतरात घुसतात आणि माणूस दर फर्लांगाला वाकून ती काढीत बसतो. चैत्रात पायाखाली नुसता मुरूम वाजतो. नायकाला मी कार्तिकात घातले आहे. उरलेल्यांपैकी दोन ठिकाणी दुष्काळाचा प्रसंग आहे, ते तसेच ठेवले. सहा जागा अजून कोऱ्या आहेत.