खोटारडा ठरलेला साक्षीदार

मंडळी, प्राचीन ग्रीक-रोमन लेखकांना स्कँडिनेव्हियाबद्दल काय ठाऊक होतं, असं विचारलं की आपण यादी करतो. प्लिनीने ‘स्कातिनाविया’ नावाचं बेट सांगितलं, टॉलेमीने ‘स्कांदिया’. झालं! आज आपण जरा वेगळं विचारू या. त्यांनी विश्वास कोणावर ठेवला, आणि कशाच्या आधारावर?

आजच्या मार्सेयचा पिथिअस इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात उत्तर समुद्रात गेला. ब्रिटनपासून सहा दिवसांच्या अंतरावर थुले आहे, असं त्याने लिहिलं. ते नॉर्वे की आइसलँड, हा वाद अजून चालू आहे. त्याचा ग्रंथ हरवला. उरलेल्या तुकड्यांपैकी बरेच स्ट्रेबोने जपले, आणि स्ट्रेबो तर त्याला खोटारडा म्हणतो! म्हणजे साक्षीदार आपल्याला भेटतो तो विरुद्ध बाजूच्या वकिलाच्या तोंडून.

स्ट्रेबोचा युक्तिवाद काय? आयर्लंडच्या पलीकडे थंडीमुळे माणूस राहूच शकत नाही. म्हणून थुलेची गोष्ट खोटी. आपल्या परिभाषेत सांगायचं तर, अनुमानाने प्रत्यक्षाला हरवलं. गंमत अशी, की जमीन, पाणी, हवा एकत्र कालवल्यासारखं जे काही होतं ते आपण पाहिलं, बाकीचं ऐकलं, असा फरक पिथिअसने केला होता. आणि ही नोंदही स्ट्रेबोच करतो.

आता टॅसिटस. इ. स. 98 मधल्या ‘जर्मानिया’त तो सुइओनांच्या नौका वर्णन करतो: दोन्ही टोकांना नाळ, शीड नाही. आपण तिकडे गेलो असं तो कुठेही म्हणत नाही. तरी डेन्मार्कच्या न्यूडाम इथे 1863 मध्ये निघालेली, त्याच्यानंतर दोनेकशे वर्षांनी बांधलेली नौका तशीच वल्ह्यांची, दोन्हीकडे निमुळती आहे. ऐकीव माहिती खरी निघाली! पण तोच टॅसिटस पुढे सितोनांवर बाई राज्य करते म्हणून त्यांना गुलामांच्याही खाली ढकलतो. तिथे उत्तर दिसत नाही, रोमन पुरुष दिसतो.

तेव्हा ‘पिथिअस खरा की टॅसिटस’ हा प्रश्नच चुकतो. माणूस आप्त ठरवला की त्याचं प्रत्येक वाक्य प्रमाण, आणि खोटारडा ठरवला की प्रत्येक वाक्य बाद, ही सवय आपलीही आहे. प्रत्येक विधान वेगळं तपासायचं: पाहिलेलं, ऐकलेलं, की मनातलं? स्ट्रेबोने शंका घेतली हे योग्यच. चुकलं ते हे, की शंका त्याने स्वतःच्या सिद्धांतावर घेतली नाही.

आज इथेच थांबू.