त्याज्य नाव आणि त्याचे अनियत वर्तन : मोडी लिपीच्या निमित्ताने

डेटाबेस प्रणालीत एखादी सोय ‘त्याज्य’ म्हणून घोषित होते, तेव्हा ती लगेच नाहीशी होत नाही. ती चालूच राहते; पुढे काढून टाकली जाईल, तिच्यावर विसंबू नये, एवढीच ती पूर्वसूचना असते. अशी मधली अवस्था अपरिहार्य आहे, हे मान्यच केले पाहिजे. आक्षेप आहे तो या अवस्थेतील वर्तनाच्या विसंगतीला. मायएसक्यूएलमधील ‘यूटीएफ८’ या नावाचे उदाहरण मराठीच्या अभ्यासकाला विशेष निकटचे असल्याने त्याचाच येथे विचार करावयाचा आहे.

यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत एका वर्णाला एक ते चार बाइट लागतात. देवनागरी वर्ण तीन बाइटांत बसतो. मोडी लिपीला युनिकोडच्या ७.० आवृत्तीत, २०१४ साली, स्थान मिळाले. तिच्या प्रत्येक वर्णाला चार बाइट लागतात. मायएसक्यूएलने मात्र ‘यूटीएफ८’ हे व्यापक नाव तीनच बाइटांच्या संचाला दिले होते. २०१० साली चार बाइटांचा ‘यूटीएफ८एमबी४’ आला आणि २०१८ च्या ८.० आवृत्तीत जुना संच त्याज्य ठरला. तरीही त्या आवृत्तीत ‘यूटीएफ८’ असे लिहिले असता मिळतो तो जुनाच संच. सोबत येते ती केवळ एक सूचना. आधीपासूनची कोष्टके तर नव्या आवृत्तीतही आपला जुना संच तसाच बाळगतात.

समजा, मूर्तिजापूर तालुक्यातील एखाद्या घराण्याच्या दप्तरातील कागद कोणी विद्यार्थी संगणकावर उतरवीत आहे. एका रकान्यात मूळ मोडी मजकूर, दुसऱ्यात त्याचे देवनागरी लिप्यंतर. देवनागरी रकाना बिनचूक भरतो, त्यामुळे संशयाला जागाच उरत नाही. मोडीचे काय होते? कडक शिस्त लागू असेल, तर प्रणाली मजकूर नाकारते. ही शिस्त २०१५ च्या ५.७ आवृत्तीपासून मूळचीच लागू असते. पण ती सैल करता येते. सैल असताना, जोडणीच्या संचानुसार, मजकूर कधी पहिल्या मोडी अक्षरापाशी तुटतो, तर कधी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. एकाच चुकीची ही तीन फळे. आणि त्यांपैकी प्रामाणिक एकच.

संच बदलला म्हणजे सारे निभावले, असेही नाही. नव्या संचाबरोबर ‘जनरल’ ही जुनी तुलनापद्धती ठेवली, तर चार बाइटांच्या सर्व वर्णांना एकच मोल मिळते. मग मोडीतील ‘राम’ आणि ‘हरी’ हे शब्द, दोन्हींत तीन तीन वर्ण असल्यामुळे, समान ठरतात! शोध घ्यावा तर दोन्ही हाती येतात. नावे अद्वितीय असावीत असा निर्बंध घातल्यास दुसरे नाव नाकारले जाते. युनिकोड ९.० वर आधारलेली नवी तुलनापद्धती हा दोष टाळते.

निर्मात्यांची बाजूही ऐकली पाहिजे. जुन्या साठ्यांत सूचीच्या एका स्तंभाला ७६७ बाइटांची मर्यादा होती. २५५ वर्णांचा रकाना तीन बाइटांनी तीत मावे. चार बाइटांनी जेमतेम १९१ वर्ण मावत. नावाचा अर्थ एका रात्रीत बदलला असता, तर चालते साठे अडले असते. मारियाडीबीने १०.६ आवृत्तीपासून या नावाचा अर्थ एका मांडणीच्या स्वाधीन केला. त्यामुळे एकच आज्ञा दोन ठिकाणी दोन अर्थ धारण करू शकते.

मूर्तिजापूर स्थानकावर रुंद मार्ग आणि ७६२ मिलिमीटरचा अरुंद मार्ग एकत्र येत. शकुंतलेचा तो अरुंद मार्गही कालबाह्य ठरला होता. पण एका मार्गाचा डबा दुसऱ्यावर चढत नाही, हे हमालालाही डोळ्यांनी दिसे. माल उतरवूनच पुढे न्यावा लागे. संगणकातील अरुंद मार्ग मात्र डबा स्वीकारतो आणि माल वाटेत सांडतो.

सारांश, त्याज्य सोय दीर्घकाळ ठेवण्यास हरकत नाही. तिने मूकपणे काही गाळू नये, एवढी अट हवी. ती पाळली जाईपर्यंत अभ्यासकाने संच आणि तुलनापद्धती दोन्ही स्पष्ट नोंदवाव्यात, आणि एक मोडी ओळ साठवून, परत वाचून, मुळाशी ताडून पाहावी. देवनागरी उमटली म्हणजे मोडी सुरक्षित आहे, असे मानण्यास आधार नाही.