जमिनीची कंपने व अवकाशीय जडत्व-संवेदकांची चाचणी : एक चिकित्सा

अवकाशयानातील जडत्व-संवेदकाची चाचणी जमिनीवर घेताना भूकंपनजन्य गोंगाट किती घटविला, हे सांगण्यासाठी पुष्कळदा कंपन-विलगीकरणाचे गुणोत्तर पुढे केले जाते. हे गुणोत्तर १ हर्ट्झच्या वरचे असते. संवेदकाचे खरे कार्यक्षेत्र मात्र मिलीहर्ट्झचे आहे. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या विसंगतीवर आहे.

टांगलेले वस्तुमान आपल्या नैसर्गिक वारंवारतेच्या वरचीच कंपने अडविते. ही वारंवारता ०.१ हर्ट्झ हवी असल्यास साध्या लंबकाची लांबी सुमारे २५ मीटर लागते. १ मिलीहर्ट्झसाठी ती सुमारे २४८ किलोमीटर होईल! उलट्या लंबकांसारख्या युक्त्यांनाही मर्यादा आहेत. हिंगोली जिल्ह्यात नियोजित असलेल्या लायगो-इंडियासारख्या प्रकल्पांतील विलगीकरणाचा दाखला येथे गैरलागू ठरतो, कारण त्या यंत्रणेचे कार्यक्षेत्र सुमारे १० हर्ट्झच्या वर सुरू होते.

सक्रिय विलगीकरणाची अडचण अधिक मूलगामी आहे. कंपनमापकाला आडवे त्वरण आणि जमिनीचा कल यांतील भेद कळत नाही. एका नॅनोरेडियनचा कल सुमारे ९८ लाख फेम्टोमीटर प्रति सेकंद वर्ग एवढे त्वरण भासवितो. लिसा पाथफाइंडरने २०१६ साली जाहीर केलेली कामगिरी होती ५.२ फेम्टोमीटर प्रति सेकंद वर्ग, प्रति वर्गमूळ हर्ट्झ. म्हणजे मंच स्थिर करू पाहणारी यंत्रणाच कलाचा गोंगाट मंचावर उतरवू शकते.

इटलीतील त्रेंतो विद्यापीठाच्या गटाने अवलंबिलेला मार्ग म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. त्यांनी पोकळ चाचणी-वस्तुमान बारीक तंतूला टांगून त्याचे केवळ वळणे मोजले. जमिनीचे आडवे हलणे अशा पीळ-लंबकाला प्रथम क्रमात वळवीत नाही. येथे गोंगाट दाबलेला नाही. त्याला बगल दिली आहे. अर्थात किंमतही मोजावी लागते. पृष्ठभागाशी निगडित बले दिसतात, भरीव वस्तुमानावरील बले मात्र निसटतात. शिवाय कलाचा काही अंश पिळात उतरतोच.

हा अंश गणिताने वजा करतात, आणि खरा धोका तेथेच आहे. वजाबाकीचे गुणांक ज्या नोंदींवरून काढले त्याच नोंदींना लावल्यास जमिनीबरोबर संवेदकाचा स्वतःचा दोषही पुसला जाण्याचा संभव असतो. एकाच मंचावर दोन संवेदक ठेवून फरक घेणाऱ्या पद्धतीतही दोघांना समान असलेला दोष असाच अदृश्य होतो. उरलेली रेषा जितकी खाली, तितका निष्कर्ष भक्कम, असे मानणे त्यामुळे घातक ठरते. मंच हेतुपुरस्सर झुकवून गुणांक आधी स्वतंत्रपणे ठरवावेत व नंतर शांत काळातील नोंदींना लावावेत, ही किमान अपेक्षा आहे.

ब्रेमेन येथील पतन-मनोऱ्यात कंपनांचा प्रश्न जवळजवळ उरत नाही; परंतु ४.७४ सेकंदांच्या पतनातून मिलीहर्ट्झबद्दल काहीच कळत नाही. २०२४ च्या जानेवारीत युरोपीय अवकाश संस्थेने लिसा मोहीम स्वीकारली. तिच्यासाठी होणाऱ्या चाचण्यांच्या अहवालांत वजाबाकीपूर्वीचा आलेख, वजाबाकीनंतरचा आलेख आणि गुणांकांची अनिश्चितता, ही तिन्ही एकत्र छापली जावीत.