वेषांतर आणि रूपांतर

शृंगारप्रधान रहस्यकथेतील तोतयाला खरा धोका असतो तो स्वतःच्याच अनुरागापासून. सॅरा वॉटर्स यांची ‘फिंगरस्मिथ’ (२००२) ही कादंबरी आणि पार्क चान-वूक यांनी केलेले तिचे कोरियन चित्ररूप ‘द हँडमेडन’ (२०१६) यांचे कथाबीज हेच आहे. श्रीमंत तरुणीला लुबाडण्यासाठी दासीच्या वेषात आलेली मुलगी तिच्यावरच अनुरक्त होते. आणि फसविणारी स्वतःच फसविली गेल्याचे मागाहून उघड होते.

कादंबरीतील तोतयेगिरी जन्मापासूनची आहे. व्हिक्टोरियन इंग्लंडात तान्हेपणीच दोघींची अदलाबदल झाली असून त्यांना ती अज्ञात आहे. पार्क यांनी हे सूत्र वगळून कथा १९३०च्या दशकातील, जपानी अमलाखालच्या कोरियात नेली. तेथे भाषा हाच मुखवटा झाला: कोरियन भामटा जपानी सरदार म्हणून मिरवितो, आणि घरधन्यालाही जपानी होण्याचा ध्यास आहे. रूपांतरकाराने शब्दाऐवजी मर्म उचलल्याचे हे उत्तम उदाहरण होय.

तथापि एका ठिकाणी चित्रपट उणा पडतो. दोन्ही कृतींत नायिकेला कामुक ग्रंथ पुरुषमंडळींना वाचून दाखवावे लागतात. चित्रपटात दासी ते ग्रंथ नष्ट करते. परंतु दोघींच्या प्रणयदृश्यांत कॅमेरा इतका रेंगाळतो की प्रेक्षक नकळत त्याच श्रोतृवर्गात जाऊन बसतो. कादंबरीच्या अखेरीस मात्र नायिका स्वतःच तसले लेखन करून उपजीविका करते. परक्या वासनेचे शब्द उच्चारणारी वाचिका लेखिका होते, आणि तिचे वेषांतर तेथे खऱ्या अर्थाने संपते.