पाटी तीच, माणसे निराळी

चौकडी म्हटले की आपल्याला आधी चांडाळचौकडीच आठवते. माझ्या वर्गात मागच्या बाकावर अशी एखादी दरवर्षी असतेच. पण युरोपीय संगीतात दोन व्हायोलिने, एक व्हिओला आणि एक चेलो यांची जी चौकडी असते, तिचा धर्मच वेगळा. तिथे हातवारे करून ताल देणारा कोणी नसतो. एकाने श्वास घेतला की उरलेल्या तिघांनी ओळखायचे. अशा चौकड्या हंगेरीने जगाला पुष्कळ दिल्या. गंमत एवढीच की, त्यांतल्या काहींचे नावच हंगेरियन उरले.

बुडापेस्ट क्वार्टेटचेच पाहा. १९१७ साली बुडापेस्टच्या ऑपेरातल्या वादकांनी ती काढली. पुढे एकेक जण गेला, आणि १९३६ च्या सुमारास चौघेही रशियन होऊन बसले! वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात १९४० ते १९६२ पर्यंत त्यांनी नेमाने मैफली केल्या, १९६७ साली वादन थांबविले. पाटी मात्र अखेरपर्यंत बुडापेस्टची. हे प्रथम वाचले तेव्हा मला ही शुद्ध फसवणूक वाटली. कादंबरीच्या मध्यावर मी नायक बदलला आणि नाव तेच ठेवले, तर वाचक मला सोडतील काय?

माझा हा राग टाकाच क्वार्टेटने घालविला. बुडापेस्टच्या लिस्ट अकादमीतल्या चार विद्यार्थ्यांनी ती १९७५ साली सुरू केली. १९८३ पासून ती अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी राहिली. १९९३ मध्ये ज्याचे नाव तिला होते तो गाबोर टाकाच-नॉजच बाहेर पडला. त्याच्या जागी एडवर्ड डूसिनबेर हा इंग्रज आला. थोड्याच काळात व्हिओलावरही रॉजर टॅपिंग हा दुसरा इंग्रज बसला.

बेला बार्टोकची सहा क्वार्टेटे या चौकडीने दोनदा ध्वनिमुद्रित केली. एक संच मूळ चौघांचा. दुसरा, १९९८ साली निघालेला, दोघा इंग्रजांसह. मी दोन्ही लागोपाठ ऐकले. चौथ्या क्वार्टेटच्या तिसऱ्या भागात तिघे मंद स्वर धरून राहतात आणि चेलो एकटा बोलतो. दोन्हीकडे चेलोवर आंद्राश फेयेरच. पहिल्या संचात तो बालमित्रांत बोलल्यासारखा वाटतो. अर्धे वाक्य सोडले तरी त्यांना कळेल अशा भरवशाने. दुसऱ्यात तो प्रत्येक शब्द उलगडून सांगतो, आणि नव्या सुनेने सासरची बोली मन लावून ऐकावी तसे भोवतालचे स्वर ऐकतात. मला हा दुसरा अधिक भिडला. पुढच्या भागात मात्र तार ओढून बोटपट्टीवर आपटतात तिथे पहिल्या संचातला रांगडेपणा नव्याला साधलेला नाही. तो जरा फारच नीटनेटका आहे.

म्हणजे हंगेरी रक्तात नव्हती, कानांत होती. बार्टोक स्वतः १९४० साली देश सोडून गेला, १९४५ मध्ये न्यूयॉर्कला वारला. म्हणून त्याचे संगीत अमेरिकन झाले नाही. २०२० सालापर्यंत टाकाचच्या मूळ चौघांतला एक फेयेरच उरला होता, तरी ऐकण्याची रीत एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचली होती.

माझ्या शाळेवरही पाटी जुनीच आहे. तिच्याखालची मुले आणि मास्तर कितीदा बदलले! तिला फसवणूक म्हणण्याचे मला कधी सुचले नाही.